नीळ ते पॉलिॲनिलीन : वाहक बहुवारिके, जड धातू आणि सूक्ष्मजंतू

रसायनशास्त्र आणि द्रव्यविज्ञान या शाखांच्या नियतकालिकांत गेल्या दोन-अडीच दशकांपासून एका विशिष्ट घडणीचे शीर्षक पुनःपुन्हा आढळते. अमुक वाहक बहुवारिकाचे तमुक धातूच्या अब्जांश कणांशी केलेले संमिश्र, त्याची निर्मिती, आणि ‘जड धातूंचे संवेदन व जंतुनाशक क्रिया’ हे त्याचे दोन उपयोग, असा त्याचा साचा असतो. भारतीय विद्यापीठांतही या साच्यातील प्रबंध आणि शोधनिबंध विपुल लिहिले जातात. साहित्याच्या अभ्यासकाला हे क्षेत्र परके वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या शीर्षकातील जवळजवळ प्रत्येक शब्दामागे स्थलांतराचा आणि अर्थांतराचा इतिहास आहे. आणि त्यातील ‘व’ हे उभयान्वयी अव्यय तर दिसते तितके निरुपद्रवी नाही. धातू ओळखणे आणि जंतू मारणे ही दोन कामे एका पदार्थात सुखाने नांदतात, असे ते सुचवते. प्रत्यक्षात या दोन कामांचे नाते गुंतागुंतीचे आहे, आणि बंगालच्या पाण्याच्या संदर्भात ते शोकात्म ठरले आहे. हे पदार्थ म्हणजे काय, ते काम कसे करतात आणि त्या ‘व’मध्ये नेमके काय सामावले आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नावांचा प्रवास

या वर्गातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला पदार्थ म्हणजे पॉलिॲनिलीन. त्याच्या नावातच भारताशी असलेला एक जुना संबंध टिकून राहिला आहे. संस्कृत ‘नील’, ‘नीली’ या शब्दांपासून फारसी ‘नील’, त्याला अरबी उपपद लागून ‘अन्-नील’, त्यापासून पोर्तुगीज ‘अनिल’ अशी ही परंपरा आहे. सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या कार्ल युलिउस फ्रित्शे याने १८४० च्या सुमारास निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून एक तेलकट द्रव मिळवला आणि निळीच्या या पोर्तुगीज नावावरून त्याला ‘ॲनिलीन’ म्हटले. मराठी घरात पांढऱ्या कपड्यांना घालावयाची ‘नीळ’ (ती बहुधा वेगळ्याच रसायनाची असते) आणि प्रयोगशाळेतील ‘पॉलिॲनिलीन’ हे शब्द अशा रीतीने एकाच कुळातले आहेत. यांतील एक घरातच राहिला. दुसरा लिस्बन, पीटर्सबर्ग, लंडन असा फेरा घालून देवनागरीत परतला आणि परतताना ओळखू येईनासा झाला.

येथे आणखी एक गोष्ट तौलनिक दृष्टीने लक्षणीय आहे. फ्रित्शेच्या आधी १८२६ मध्ये ओट्टो उन्फरडोर्बेन याने निळीच्या ऊर्ध्वपातनातून हाच द्रव मिळवून त्याला ‘क्रिस्टलीन’ हे नाव दिले होते. फ्रीडलीब रुंगे याला १८३४ मध्ये तो दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. त्याने त्याला ‘क्यानॉल’ म्हटले. निकोलाय झिनिन याने १८४२ मध्ये नायट्रोबेंझिनपासून तो तयार केला आणि ‘बेंझिडाम’ असे नाव सुचवले. हे चारही पदार्थ एकच आहेत, हे आउगुस्ट विल्हेल्म होफमान याने १८४३ मध्ये दाखवून दिले. चार संहितांच्या मुळाशी एकच पाठ आहे, असे सिद्ध करणाऱ्या पाठचिकित्सकाचेच हे काम होते. चार नावांपैकी टिकले ते निळीचे. पदार्थ मात्र निळीपासून तुटला. कोळशाच्या डांबरातून, पुढे खनिज तेलातून येणाऱ्या बेंझिनपासून तो तयार होऊ लागला. आजच्या पॉलिॲनिलीनमध्ये निळीचा अंशही नसतो. उरला आहे तो शब्द.

ज्या शतकात युरोपीय प्रयोगशाळांत हा शब्द घडत होता, त्याच शतकात बंगालमध्ये निळीच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध असंतोष साचत होता. नदिया आणि आसपासच्या जिल्ह्यांत १८५९-६० मध्ये रयतेने उठाव केला. दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. भाषांतरकार म्हणून मायकेल मधुसूदन दत्त यांचे नाव परंपरेने घेतले जाते. त्याविषयी मतभेद आहेत. बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर भारतातील लागवडीचा ऱ्हास सुरू झाला. नदिया जिल्ह्याचे नाव पुढे वेगळ्याच संदर्भात पुन्हा येणार आहे.

‘पॉलिमर’ या शब्दानेही अर्थ बदलला आहे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये तो योजला, तेव्हा घटकांचे प्रमाण समान पण रेणूचे आकारमान पटीत भिन्न असलेली संयुगे एवढेच त्याला अभिप्रेत होते. एकच घटक शेकडो-हजारो वेळा जोडला जाऊन बनलेली दीर्घ साखळी, हा आजचा अर्थ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून मांडलेल्या सिद्धांताने रूढ केला. या कामासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला ‘बहुवारिक’ हा पर्याय या दुसऱ्या अर्थाला विशेष अनुरूप आहे. ग्रीक मूळ ‘अनेक भाग’ एवढेच सांगते. मराठी शब्द ‘अनेकवार’ म्हणतो, म्हणजे आवृत्तीवर बोट ठेवतो. प्रयोगशाळेतील मराठी बोलण्यात मात्र ‘पॉलिमर’च चालतो, हे मान्य केले पाहिजे.

बहुवारिक वाहक कसे होते

प्लॅस्टिक विजेचे वाहक नसते, ही सर्वसामान्य समजूत बहुतांश बरोबर आहे. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन आपापल्या बंधांत जखडलेले असतात. काही साखळ्यांत मात्र एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून येतात. अशा रचनेत दुहेरी बंधांतील इलेक्ट्रॉन एका जोडीपुरते मर्यादित न राहता साखळीभर विखुरले जाऊ शकतात. तरीही वाट मोकळी होण्यासाठी साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात किंवा तिला काही द्यावे लागतात. गच्च भरलेल्या ओळीत कोणालाच हलता येत नाही. एक जागा रिकामी झाली की एकामागून एक सरकता येते. या प्रक्रियेला ‘डोपिंग’ म्हणतात आणि मराठीत तोच शब्द रूढ आहे.

हेन्री लेथेबी हा लंडन नगराचा आरोग्याधिकारी होता आणि तो रसायनशास्त्रही शिकवीत असे. ॲनिलीनच्या विषबाधेत त्याला रस होता. आम्लातील ॲनिलीनमधून वीज सोडली असता विद्युत् अग्रावर निळसर-काळा थर जमतो, असे त्याने १८६२ मध्ये नोंदवले. आर्थर ग्रीन आणि वुडहेड यांनी १९१० मध्ये या पदार्थाच्या वेगवेगळ्या अवस्थांना जी नावे दिली त्यांत ‘एमराल्डीन’ हे एक होते, म्हणजे पाचूच्या रंगाचे. ते आजही वापरात आहे. विजेच्या वहनाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणी गांभीर्याने विचारला नाही. ऑस्ट्रेलियात १९६३ मध्ये पॉलिपायरोलची वाहकता नोंदली गेली, तीही दुर्लक्षित राहिली. जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट पडल्यामुळे पॉलिॲसिटिलीनचा चकचकीत रुपेरी पापुद्रा मिळाला. शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ मध्ये त्याला आयोडिनची वाफ दिली, तेव्हा त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. या तिघांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हजारपट चुकीची कथा लोकप्रिय लेखनात फार रंगवली जाते. अशा पापुद्र्यात विजेचा विचार करणारे पदार्थवैज्ञानिक आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र येण्यास त्यानंतर दहा वर्षे लागली, हे त्या कथेत सहसा सांगितले जात नाही.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, पॉलिॲनिलीन टिकते. शिवाय त्याच्या साखळीत नायट्रोजनचे अणू असतात आणि आम्लातील प्रोटॉन त्यांना चिकटला की पदार्थ वाहक होतो. अल्कात धुतले की प्रोटॉन सुटतो आणि पदार्थ रोधक होतो. वाहक रूप हिरवे, रोधक रूप निळे. म्हणजे भोवतालच्या द्रवात काय आहे, याचे उत्तर हा पदार्थ आपल्या वाहकतेतून आणि रंगातून देतो. संवेदक म्हणून त्याच्याकडे लक्ष गेले ते यामुळे. परंतु याच गुणात त्याची मर्यादाही आहे. पाण्याचा सामू चारपाचाच्या वर गेला की शुद्ध पॉलिॲनिलीनची वाहकता झपाट्याने घटते, आणि नद्या-विहिरींच्या पाण्याचा सामू सामान्यतः साडेसहा ते साडेआठ असतो. ज्या पाण्याची परीक्षा घ्यावयाची, त्याच पाण्यात परीक्षक मूक होतो. संमिश्राची गरज मुख्यतः येथून निर्माण झाली. ग्रॅफीन, कार्बनच्या अब्जांश नळ्या, सल्फोनिक गट असलेली बहुवारिके किंवा धातूंचे कण यांच्याशी पॉलिॲनिलीनची सांगड घालून उदासीन पाण्यातही त्याचा प्रतिसाद टिकवण्याचा हा प्रयत्न आहे.

धातू ‘वाचणे’

‘जड धातू’ ही संज्ञा सर्वत्र वापरली जाते, पण तिची सर्वमान्य व्याख्या नाही. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियतकालिकात जॉन डफस यांनी २००२ मध्ये या संज्ञेची चिकित्सा करून ती निरर्थक आहे की काय, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला. घनतेवर, अणुभारावर आणि विषारीपणावर आधारलेल्या व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. आर्सेनिक, म्हणजे मराठीतील सोमलाचे मूलद्रव्य, हे तर काटेकोर अर्थाने धातूही नाही. तरी प्रत्येक यादीत ते असते. सोने पुरेसे जड असूनही यादीत नसते. ‘जड’ हा येथे भौतिक गुणवाचक शब्द राहिलेला नसून भीतीचा निर्देश करणारा शब्द झाला आहे. संज्ञेचे हे सैलपण निष्कर्षांपर्यंत झिरपते. कारण ‘जड धातू ओळखतो’ असे सांगणारा संवेदक प्रत्यक्षात एखाददोन ठरावीक आयन ओळखत असतो.

तो ते कसे करतो? प्रचलित पद्धतीत काम दोन टप्प्यांत होते. प्रथम विद्युत् अग्राला ऋण वर्चस् देऊन पाण्यातील धातूंचे आयन त्याच्यावर धातुरूपात जमा केले जातात. येथे बहुवारिकातील नायट्रोजन उपयोगी पडतो, कारण त्याच्याकडील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी धातूच्या आयनाला जवळ ओढते. काही मिनिटांनी वर्चस् क्रमाने धन दिशेकडे वाढवले जाते. जमा झालेला प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक वर्चसाला विरघळून बाहेर पडतो आणि जाताना विजेचा एक लहानसा उंचवटा सोडतो. आलेखावर कॅडमियमचे शिखर आधी येते, मग शिशाचे, मग तांब्याचे, नंतर पाऱ्याचे. शिखराचे स्थान सांगते की धातू कोणता. उंची सांगते की तो किती. या विश्लेषणपद्धतींचा पाया यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये प्रागमध्ये घातला. त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. त्यांचे विद्युत् अग्र पाऱ्याचे होते. विषाचा माग काढण्यासाठी अनेक दशके विषच वापरले गेले. जोसेफ वाँग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पाऱ्याऐवजी बिस्मथचा थर सुचवला. वाहक बहुवारिकांच्या संमिश्रांकडे वळण्यामागेही पारा टाळण्याची ही प्रेरणा आहे.

मोजावयाच्या मात्रा किती सूक्ष्म असतात, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. शिशाची मर्यादा म्हणजे एक अब्ज भागांत दहा भाग. या पातळीवर अणुशोषण पद्धतीची किंवा प्रेरित प्लाविकेवर आधारलेली महागडी यंत्रे विश्वासार्ह उत्तरे देतात, पण ती शहरातील प्रयोगशाळेत असतात. हातात मावणारा, विहिरीच्या काठावर वापरता येणारा स्वस्त संवेदक हे या सर्व संशोधनाचे घोषित उद्दिष्ट आहे, आणि ते उद्दिष्ट रास्त आहे.

अडचण वाचनाची आहे. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात शिशाचे शिखर सुबक येते. नदीच्या पाण्यात तांबे सोबत असले की ते शिशाच्या जमा होण्यात हस्तक्षेप करते. कुजलेल्या पानांतून येणारी ह्युमिक द्रव्ये आयनांना बांधून ठेवतात आणि अग्राच्या पृष्ठभागावरही थर देतात. पाण्यात धातू असूनही शिखर खुजे येते. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. येथे संदर्भ अर्थ बदलतो इतकेच नव्हे, तर कधी शब्दच पुसून टाकतो. दुसरा प्रश्न रूपाचा. सहा-संयुजी क्रोमियम विषारी, त्रि-संयुजी तुलनेने सौम्य. आणि पॉलिॲनिलीन स्वतः सहा-संयुजी क्रोमियमचे क्षपण करून त्याला त्रि-संयुजी करते. पाणी शुद्ध करण्याच्या दृष्टीने हा गुण आहे. ओळखण्याच्या दृष्टीने पाहता वाचकाने वाचता-वाचता संहिता बदलली, असे म्हणावे लागते.

या विषयावरील शोधनिबंधांची एक रूढ संहिता तयार झाली आहे, तीही पाहण्यासारखी आहे. आरंभी प्रदूषणाच्या भीषणतेचे दोन परिच्छेद येतात. त्यांत जपानमधील मिनामाताचा उल्लेख बहुधा असतोच. मग निर्मिती, मग सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे, मग किमान किती मात्रा ओळखता येते तो आकडा आणि इतरांच्या आकड्यांशी तुलनेचा तक्ता. अखेरीस ‘प्रत्यक्ष नमुना’ येतो. तो पुष्कळदा संस्थेच्या नळाचे पाणी असते. त्यात ज्ञात प्रमाणात धातू मिसळलेला असतो आणि मिसळलेल्यापैकी किती टक्के परत सापडला ते सांगितलेले असते. ही पद्धत अप्रामाणिक नाही. विश्लेषणशास्त्रात तिला स्थान आहे. परंतु आरंभीच्या परिच्छेदांतील आजारी माणूस आणि अखेरचे नळाचे पाणी यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते आकड्याने भरून निघत नाही. महाकाव्याच्या प्रस्तावनेनंतर टिपणवही वाचावयास मिळावी, तसा हा अनुभव असतो.

बंगालचे पाणी

धातू आणि जंतू यांना जोडणाऱ्या अव्ययाचा खरा अर्थ बंगालच्या खोऱ्यात उलगडतो. तळी आणि नद्यांच्या पाण्यातून पटकी व अतिसार पसरत, म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या साहाय्याने हातपंपाच्या नलिकाकूपांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. भूगर्भातील पाणी जंतूंपासून बव्हंशी मुक्त होते; हेतू चांगला होता. पश्चिम बंगालमध्येही पिण्यासाठी आणि शेतीसाठी असे कूप खणले गेले. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये तळहात-तळपायांवर कठीण गाठी आणि त्वचेवर डाग असलेल्या ग्रामीण रुग्णांमध्ये आर्सेनिकची विषबाधा ओळखली. यादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांनी पुढे अनेक वर्षे या प्रश्नाचे सर्वेक्षण केले. बाधित जिल्ह्यांत उत्तर चोवीस परगणा आणि मुर्शिदाबाद यांच्याबरोबर नदियाही आहे. निळीचा उठाव झालेली ती भूमी हीच. यात कार्यकारणसंबंध काही नाही, केवळ स्थानाचा योगायोग आहे.

बांगलादेशात ३.५ ते ७.७ कोटी लोक या धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली प्रसिद्ध झाला, आणि इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे या घटनेचे वर्णन झाले. हे विष कारखान्यातून आलेले नव्हते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडांवर आर्सेनिक बसलेले असते; प्राणवायू नसलेल्या खोल थरांत ते लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. पश्चिम बंगालच्या गाळावर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या क्रियेत धातूंचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंचा निर्णायक वाटा असल्याचे दाखवले. पृष्ठभागावरील जंतूंना टाळण्यासाठी माणसे जमिनीखाली गेली. तेथील जंतूंनी सोडलेले विष त्यांच्या घागरीत आले.

ब्रिटिश भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशातील दीडशे नलिकाकूपांच्या पाण्याची तपासणी केली होती. तीत अनेक मूलद्रव्ये मोजली गेली. आर्सेनिक मोजले गेले नाही. यावरून इंग्लंडच्या न्यायालयात झालेला दावा २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. गावकऱ्यांप्रती कायदेशीर काळजीचे कर्तव्य त्या संस्थेवर नव्हते, असा निर्णय झाला. कायद्याची बाजू काहीही असो, संवेदनाच्या दृष्टीने हे प्रकरण मूलभूत आहे. तपासणी-अहवालातील मौन म्हणजे अभाव, असा अर्थ लावला गेला. जो प्रश्न विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर ‘नाही’ असे वाचले गेले.

२००० नंतरच्या मोहिमेत बांगलादेशात सुमारे ५० लाख नलिकाकूप तपासण्यात आले. लिटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरून सुरक्षित कूपाचे तोंड हिरवे आणि असुरक्षिताचे लाल रंगवले गेले. सुमारे १४ लाख कूप लाल ठरले. तपासणीच्या संचात आर्सेनिकचे वायूत रूपांतर करून तो वायू पाऱ्याच्या क्षाराने माखलेल्या कागदावर सोडला जाई, आणि कागदाचा पिवळा-तपकिरी रंग तक्त्याशी ताडून पाहिला जाई. मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या पाण्याबाबत डोळ्याने केलेला हा निवाडा चुकण्याचा संभव होता, आणि पंपावर लागलेला रंग वाचावयास अक्षरओळखही लागत नसल्याने ती चूक थेट घरात जाई. काठावरच्या स्वस्त आणि अचूक संवेदकाची गरज येथे कळते. बहुवारिकांची संमिश्रे अजून ही जागा घेऊ शकलेली नाहीत. त्रि-संयुजी आर्सेनिक ओळखण्यासाठी सोन्याचे कण मिसळावे लागतात. पंच-संयुजी रूप साध्या परिस्थितीत विद्युत् अग्राला फारसा प्रतिसादच देत नाही, त्याचे आधी क्षपण करावे लागते. ज्या पाण्यात लोहही भरपूर असते, तेथे काम आणखी कठीण होते.

मारणारा धातू

जंतुनाशक गुणाची कथा जुनी आहे. मराठीत पाणी पिण्याच्या भांड्याला ‘तांब्या’ म्हणतात. ते स्टीलचे झाले तरी धातूचे नाव सुटले नाही. तांबे आणि चांदी अत्यल्प प्रमाणातही सूक्ष्मजीवांना मारक ठरतात, हे निरीक्षण कार्ल फॉन नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले. त्याच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. चांदीचे आयन जीवाणूच्या प्रथिनांतील गंधकाला घट्ट धरतात, त्याचे पटल बिघडवतात आणि श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात. पॉलिॲनिलीनही स्वतः काही अंशी जंतुनाशक आहे. त्याच्या हिरव्या रूपावर धन भार असतो, जीवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण भार असतो. संपर्क आला की आवरणाची हानी होते. दोहोंचे संमिश्र करणेही सोयीचे असते: सिल्व्हर नायट्रेट ॲनिलीनचे ऑक्सिडीभवन करते आणि त्या क्रियेत त्याचे स्वतःचे क्षपण होऊन चांदीचे कण तयार होतात. एकाच भांड्यात बहुवारिकही बनते आणि धातूही. ही क्रिया मंद असली तरी देखणी आहे.

चाचणी बहुधा अशी होते. जीवाणूंची वाढ केलेल्या थाळीत पदार्थाची चकती ठेवतात आणि तिच्याभोवती वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ मोजतात. वर्तुळ मोठे, तर पदार्थ प्रभावी, असे मानले जाते. वास्तविक हे वर्तुळ पदार्थातून काय आणि किती झिरपते यावर अवलंबून असते. जो पदार्थ केवळ स्पर्शाने मारतो, काहीही सोडत नाही, त्याच्याभोवती वर्तुळ दिसणारच नाही. जो भरभरून चांदी सोडतो त्याचे वर्तुळ मोठे दिसेल, आणि तो लवकर रिताही होईल.

दोन उपयोगांमधला विरोध येथे स्पष्ट होतो. संवेदकाने धातू धरून ठेवावयाचा असतो आणि मोजणीच्या वेळीच सोडावयाचा असतो. त्याने पाण्यात स्वतःचे काही मिसळू नये, अशी अपेक्षा असते. चांदीयुक्त जंतुनाशकाचे काम धातू सोडण्यावर चालते. चांदी हाही घनतेच्या कोणत्याही व्याख्येने जड धातूच आहे, आणि भारतीय मानक १०५०० मध्ये तिच्यासाठी लिटरला ०.१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. दोन्ही गुण एकत्र हवेत, यालाही एक रास्त कारण मात्र आहे, आणि ते शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत क्वचितच सांगितले जाते. नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवलेल्या कोणत्याही विद्युत् अग्रावर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि आयन आत पोहोचेनासे होतात. जंतूंना दूर ठेवणारा पृष्ठभाग असेल तर संवेदकाचे आयुष्य वाढते. अर्थात या कामासाठी थर चढू न देणे पुरेसे आहे. सगळ्या पाण्यातील जंतू मारण्याची गरज नाही.

जीवाणूंची बाजूही विचारात घ्यावी लागते. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची ही क्षमता एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या जनुकखंडावर होती, आणि त्याच खंडावर प्रतिजैविकांना विरोध करणारी जनुकेही होती. पाण्यात चांदी सतत झिरपत राहिली तर अशा जीवाणूंना अनुकूल निवड होऊ शकते; धातूविरोधासोबत औषधविरोधही पसरू शकतो. याउलट आर्सेनिकला तोंड देणाऱ्या जीवाणूंमध्ये ते ओळखणारे एक प्रथिन असते, आणि आर्सेनिकची चाहूल लागताच संरक्षक जनुके जागी होतात. या यंत्रणेला प्रकाश किंवा रंग देणारे जनुक जोडून जीवाणूंचाच संवेदक म्हणून उपयोग करण्याचे प्रयोग झाले आहेत. ज्यांना संमिश्राने मारावयाचे, तेच या एका धातूच्या बाबतीत संमिश्रापेक्षा चोखंदळ वाचक ठरतात.

राहतो तो प्रश्न चांदीच्या हिशेबाचा. चांदीयुक्त अग्र पाण्यात ठेवल्यावर त्यातून किती चांदी सुटली, हे त्याच अग्राने मोजता येत नाही. वर्चस् वाढवताच त्याच्या अंगचीच चांदी ऑक्सिडीभूत होऊन मोठे शिखर देते आणि पाण्यातील चांदी त्याखाली बुडते. हे शिखर पाऱ्याच्या शिखराच्या फारसे दूर नसते, त्यामुळे असे संमिश्र पारा ओळखण्याच्या कामीही अडचणीचे ठरते. सुटलेल्या चांदीसाठी नमुना पुन्हा शहरातील प्रयोगशाळेत, त्याच महागड्या यंत्राकडे पाठवावा लागतो.